ज्याचा त्याचा सा

वर्गात नवीन मूल आलं की मी त्याला आधी गायला लावत नाही, बोलतं करते. घर कुठे, शाळा कोणती, आज डब्यात काय होतं. ते बोलत असतं तेव्हा माझी बोटं पेटीवर हळूच फिरत असतात. बोलता बोलता आवाज ज्या पट्टीपाशी पुन्हा पुन्हा येऊन टेकतो, तिच्या जरा वर त्याचा सा असतो. मग तो सूर धरायचा आणि म्हणायचं, ‘आता नुसता आ लाव.’ कुणाचा काळी चारला लागतो, कुणाचा पांढरी सहाला, एखादीचा पार पांढरी चारला. नीट लागला की पेटी आणि मूल असे दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत. माझं काम तिथून सुरू होतं.

मी नाशिकमध्ये गाणं शिकवते. पंचवटीत घरी वर्ग घेते, महापालिकेच्या एका शाळेत ठरलेल्या दिवशी जाते आणि सिडकोतल्या बायकांचं एक भजनी मंडळ माझ्याकडे शिकतं. अशी कामं करणारी माणसं या शहरात गल्लोगल्ली आहेत. कुणी तबला शिकवतं, कुणी कथक, कुणी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेची तयारी करून घेतं, कुणी मे महिन्यात बालनाट्याचं शिबिर लावतं. लोक या कामाकडे एक तर मुलांचा छंद म्हणून बघतात, नाही तर ज्यांना कार्यक्रम मिळत नाहीत त्यांची पोटापाण्याची सोय म्हणून. मला दोन्ही मान्य नाही. शिकवणं ही गाण्याइतकीच अवघड आणि स्वतंत्र विद्या आहे. तिची स्वतःची साधना असते, स्वतःचा क्रम असतो. ती नीट चालावी म्हणून समाजाला काही द्यावंही लागतं.

‘हिला गळा आहे का बघा’

पालकांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. त्यामागची समजूत अशी, की गळा जन्मतः मिळतो आणि ज्याला मिळाला नाही त्याने गाण्याच्या वाटेला जाऊ नये. दोन स्वरांतला फरक जन्मतःच न कळणारी माणसं असतात, पण ती फार थोडी. ‘बेसूर’ म्हणून माझ्याकडे आणलेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत घडलेलं इतकंच असतं, की त्यांना कायम दुसऱ्याच्या पट्टीत गायला लावलेलं असतं. शाळेच्या प्रार्थनेची पट्टी बाई ठरवतात, आरतीची ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो, मोबाइलवरच्या गाण्याची मूळ गायकाने ठरवलेली असते. मूल ताणून ताणून तिथवर जाऊ बघतं, मधेच आवाज घसरतो, कुणीतरी हसतं आणि ते मूल आयुष्यभरासाठी मागच्या रांगेत जाऊन बसतं.

आपल्या संगीताची रचना मुळात याच्या उलट आहे. आपला सा कोणत्याही पट्टीवर मांडता येतो. तो एकदा ठरला की बाकीचे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्याने जागेवर बसतात. म्हणून पुरुष गायक काळी एकला गातो, बाई पांढरी पाच किंवा काळी चारला गाते आणि राग दोघांचाही तोच राहतो. हंगेरीचा संगीतकार झोल्तान कोदाय (1882–1967) यानेही आपल्या देशातल्या शाळांसाठी अशाच सरकत्या ‘डो’चा आग्रह धरला. माणसाचा गळा हे त्याचं पहिलं वाद्य आणि घरात ऐकलेलं लोकगीत हा त्याचा पहिला धडा, या पायावर त्याने शालेय संगीत उभं केलं. त्याच्या पद्धतीत प्रत्येक स्वराला हाताची एक खूण असते, त्यामुळे मोठ्या वर्गात शिक्षक न बोलता सगळ्यांना एकदम गाववू शकतो. मी महापालिकेच्या शाळेत या खुणा सारेगमला लावून वापरते. तिथे पेटी न्यायची सोय नसते, शेजारच्या वर्गात पाढे चाललेले असतात, आणि पस्तीस मिनिटांच्या तासातली पाच-सात मिनिटं रांगा लावण्यात जातात. अशा वेळी हात वर गेला की ग, आणखी वर गेला की प, हे मुलांना चटकन कळतं.

इतक्या मुलांना एकत्र घेतल्यावर प्रत्येकाचा सा कसा सापडणार, हा प्रश्न रास्त आहे. पहिले काही तास मी फक्त तेच करते. सहा-सहा मुलांचे गट पाडायचे, प्रत्येक गटासमोर उभं राहून ऐकायचं आणि ज्यांचे आवाज जवळ आहेत त्यांना शेजारी बसवायचं. मग सर्वांना झेपेल अशी मधली पट्टी घ्यायची आणि स्वर पाचच ठेवायचे. भूप हा राग इथे कामाला येतो. त्यात म आणि नी नाहीत, त्यामुळे स्वर एकमेकांच्या अंगावर येत नाहीत आणि नवख्या गळ्याला पाय ठेवायला मोकळी जागा मिळते. दुर्गाही तसाच, त्यात ग आणि नी वर्ज्य. कोणता राग आधी, कोणता नंतर, कुठे थांबायचं आणि काय अजून द्यायचं नाही, हे ठरवण्यात शिक्षकाची निम्मी बुद्धी खर्च होते. मैफलीच्या गवयाला हा विचार करावा लागत नाही.

लाहोरहून पंचवटीपर्यंत

हा विचार आपल्याकडे व्यवस्थित रीतीने ज्यांनी केला, त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षं आमच्या पंचवटीशी जोडलेली आहेत. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 चा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी जवळपास गेली, शाळेचं शिक्षण खुंटलं आणि गाणं शिकण्यासाठी मुलाला मिरजेला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ठेवण्यात आलं. तिथली पद्धत त्या काळची सर्वमान्य पद्धत होती. शिष्याने गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरू देईल तेव्हा, देईल तेवढं घ्यायचं. पुस्तक नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही, किती वर्षांत काय येईल याचा अंदाज नाही. या पद्धतीने थोर गवई घडवले, यात शंका नाही. पण कारकुनाच्या मुलीला किंवा दुकानदाराच्या मुलाला त्या घरात शिरायला वाट नव्हती.

पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एखाद्या संस्थानिकाच्या पदरी राहून नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर. तिथे गाण्याला वेळापत्रक मिळालं, इयत्ता मिळाल्या, परीक्षा मिळाल्या. छापील पुस्तकं निघाली, स्वरलेखनाची पद्धत तयार झाली, ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचं मासिक निघालं. स्त्रियांसाठीही शिक्षणाची सोय झाली. माझ्या दृष्टीने त्यांची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उपदेशक वर्ग. निवडक विद्यार्थ्यांना संस्थेत ठेवून, गाण्याबरोबर ते शिकवायचं कसं हेही शिकवायचं आणि मग त्यांना गावोगाव पाठवायचं. संगीताचा शिक्षक हा मुद्दाम घडवावा लागतो, ही जाण त्या वर्गात होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्यांच्या शिष्यांतली नावं. यांतल्या देवधरांनी मुंबईत शाळा काढली आणि कुमार गंधर्व तिथे शिकले. पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं.

1908 मध्ये पलुस्करांनी मुंबईत शाखा काढली, पुढे तिच्यासाठी मोठी इमारत बांधली आणि त्या इमारतीचं कर्ज त्यांना फेडता आलं नाही. 1924 मध्ये तिचा लिलाव झाला. त्या सुमारास त्यांचं मन रामभक्तीकडे ओढलं गेलं होतं. भगवी वस्त्रं घालून ते रामायणावर प्रवचनं करत आणि नाशिकला पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम उभारला होता. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज माझ्या वर्गातलं मूल ‘प्रारंभिक’चा फॉर्म भरतं आणि पुढे प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या चढतं, त्या पायऱ्या याच मंडळाच्या आहेत. पंचवटीत इंद्रकुंडाजवळ महापालिकेचं पलुस्कर सभागृह आहे. त्या नावाचा माणूस कोण होता, हे मी दरवर्षी नव्या मुलांना सांगते. कीर्ती मिळवलेला गवई आपल्या मैफलींचा पैसा परक्यांच्या मुलांना शिकवण्यात घालतो, आणि त्यापायी इमारत गेली तरी त्याची पद्धत देशभर टिकते, हे त्यांना माहीत असायला हवं.

या पद्धतीत उणिवाही आहेत. परीक्षेच्या रागांपुरतंच गाणारी मुलं तयार होतात, दहा-दहा जणांच्या वर्गात एकाची चूक निसटते. पण तिने गाण्याचं दार सर्वांना उघडलं आणि माझ्यासारखी, जिच्या घरात कुणी गात नव्हतं अशी मुलगी त्याच दारातून आत आली.

फुटलेला आवाज

सातवी-आठवीतली मुलं एक दिवस यायची थांबतात. आधी तीच मुलं सर्वांत पुढे बसून तार सप्तकातला सा सहज लावत असतात. मग तेराव्या-चौदाव्या वर्षी स्वरयंत्र वाढू लागतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज हळूहळू साधारण एक सप्तक खाली उतरतो. हा काळ काही महिने, कधी वर्षभर चालतो. त्यात आवाज मधेच चिरकतो, मुली हसतात, आणि मुलाला वाटतं आपलं गाणं संपलं. घरचेही म्हणतात, आता अभ्यासाकडे लक्ष दे.

याच वयातले मुलगे मला श्रावणात गंगेवर दिसतात. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. तिथे मैदानावर ढोल पथकांचा सराव चाललेला असतो. नाशिक ढोल आज देशात आणि परदेशातही वाजतो, त्याची शिकवणी मात्र अशीच होते. गणपतीच्या कितीतरी आधीपासून, संध्याकाळी कामावरून किंवा कॉलेजातून आलेली पोरं रांगेत उभी राहतात, ताशावाला पुढे असतो, जुना वादक नव्याच्या शेजारी उभा राहून त्याचा हात बघतो. पाठ पक्का होईपर्यंत तेच ते वाजवून घेतात. आता तिथे मुलीही मोठ्या संख्येने असतात.

मी या मैदानाकडून एक गोष्ट घेतली. आवाज फुटलेल्या मुलाला मी वर्गातून जाऊ देत नाही, त्याला लय देते. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर, पहिलीला, पाचवीला आणि तेरावीला टाळी, नववीला खाली. भजनी ठेका, मग दादरा. तो सगळ्यांना ताल धरून देतो, म्हणजे वर्गाला त्याची गरज उरते. गळ्याला विश्रांती नाही, पण भारही नाही. मधल्या चार-पाच स्वरांत हळू आवाजात गायचं आणि दर काही आठवड्यांनी त्याचा सा पुन्हा शोधायचा. काळी चारचा मुलगा एक दिवस पांढरी दोनला येऊन स्थिरावतो. त्या वेळी तो वर्गात असला पाहिजे. आपल्याकडे बायका भजनाला येतात आणि पुरुष माना डोलावत ऐकत बसतात, याचं एक कारण मला या वयात हरवलेल्या आवाजांत दिसतं. त्यांचा दुसरा सा शोधून द्यायला तेव्हा कुणी जवळ नव्हतं.

वस्तीची स्वतःची शाळा

बाहेरून वस्तीत शिकवायला जाणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. तिथे शिकवणं आपल्या आधीपासून चालू असतं.

सिडकोत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसते, तेव्हा रात्रभर अहिराणी गाणी चालतात. माझ्या भजनी मंडळातल्या एका आजींना अशी गाणी किती येतात याचा त्यांनाही अंदाज नाही. मंडळात मात्र त्या गप्प असत, कारण ‘आपलं ते गाणं गावठी’. मी त्यांना एक गाणं सर्वांना शिकवायला सांगितलं. त्या पुढे बसल्या, एक ओळ सांगायच्या आणि हाताने बायकांकडे इशारा करायच्या. चुकलं तर शब्द न काढता तीच ओळ पुन्हा. एका बैठकीत सगळ्यांना चाल बसली. शिकवण्याचं कसब त्यांच्यात पूर्वीपासून होतं, फक्त त्याला कुणी शिकवणं म्हटलं नव्हतं. शाळेतही मी मुलांना घरातलं एक गाणं आणायला सांगते. पेठ-सुरगाण्याकडून कामासाठी आलेल्या आदिवासी कुटुंबांतली मुलं अशा वेळी खुलतात. मोकळ्या रानात गायलेला त्यांचा आवाज उघडा आणि लांब जाणारा असतो, तो कोंडून ‘सुसंस्कृत’ करण्याची घाई करू नये.

या दुसऱ्या शाळेचा नाशिक जिल्ह्यातला थोर माणूस म्हणजे वामनदादा कर्डक. जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. लहानपणी शाळा मिळाली नाही. मुंबईत कष्टाची कामं करताना ते मोठेपणी अक्षरं शिकले आणि मग आंबेडकरी चळवळीसाठी हजारो गाणी लिहिली. गावोगाव, वस्तीवस्तीत ते जात. त्यांची गाणी गायनपार्ट्यांच्या वह्यांतून आणि गळ्यांतून पसरली, त्यांच्याकडून गाणं घेतलेले गायक महाराष्ट्रभर झाले. 15 मे 2004 रोजी ते गेले, गाणी अजून जयंतीला वाजतात. या परंपरेत नवा पोरगा आधी कोरसात बसतो. शाहिरांच्या फडात जो झीलकरी, तोच हा. मुख्य गायकाची ओळ उचलायची, त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा, ढोलकीच्या कोणत्या ठोक्यावर यायचं ते अंगात भिनू द्यायचं. वर्षानुवर्षं झील धरल्यावर एक दिवस पुढे उभं राहायचं. इथे प्रमाणपत्र नाही, पण क्रम पलुस्करांच्या अभ्यासक्रमाइतकाच पक्का आहे. संकोची मुलांना एकट्याने गायला न लावता झीलमध्ये बसवण्याची रीत मी इथूनच घेतली.

यासाठी लागतं काय

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे, की सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असतील तर त्या शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक मिळावेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर स्थानिक कलावंतांना शाळेत बोलावण्याची, शाळेत निवासी कलावंत असण्याची भाषा केली आहे. कागदावर आमची जागा आहे. प्रत्यक्षात मला शाळांकडून सर्वाधिक बोलावणी येतात ती डिसेंबरात, स्नेहसंमेलनाच्या तोंडावर. पंधरा दिवसांत गाणं बसवून द्या, तेही ट्रॅकवर. असं गाणं बसवताना मी आधीपासून गाऊ शकणारी मुलं निवडते, कारण दुसरं काही करायला वेळच नसतो, आणि जिला खरी गरज आहे ती मुलगी पुन्हा मागच्या रांगेत राहते. वर्षभराचा एक तास या पंधरा दिवसांपेक्षा कितीतरी जास्त देऊन जातो.

दहावीला शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून वर्गात गर्दी वाढली. गुणांसाठी आलेल्या मुलांचं मी मनापासून स्वागत करते, कारण आलेल्यांतली काही गुण मिळाल्यावरही राहतात. पालकांना मात्र सांगते, वर्ग निवडताना शिक्षकांच्या भिंतीवरचे फोटो बघू नका, एक तास मागे बसून ऐका. शिक्षक मुलागणिक पट्टी बदलतात का? न जमणाऱ्या मुलासाठी तेच दुसऱ्या रीतीने सांगतात का? शेवटच्या रांगेतल्याचा आवाज त्यांना माहीत आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं हो असतील तर तो वर्ग चांगला. ‘स्टेजवर कधी गाणार’ हा प्रश्न वर्षभर तरी विचारू नका.

फीचंही बोललं पाहिजे. वस्तीतल्या वर्गाची फी लोकांना परवडेल अशीच ठेवावी लागते. तिच्यातून पेटीचे सूर लावून घेणं, तबल्याची पुडी बदलणं, जागेचं भाडं हे जेमतेम निघतं. चांगला विद्यार्थी शिकवण्याकडे वळत नाही याचं कारण तेच. त्याग हा शिक्षकाचा दागिना मानण्याची आपल्याला सवय आहे, पण पलुस्करांच्या इमारतीचा लिलाव झाला तेव्हा त्यागाने कर्ज फिटलं नव्हतं.

म्हणून माझं मागणं अगदी मोजकं आहे. प्रत्येक महापालिका शाळेत वर्षभरासाठी नेमलेला, वेळेवर मानधन मिळणारा एक कलाशिक्षक असावा. त्याला दार लावून घेता येईल अशी एक खोली मिळावी. आठवड्याचा त्याचा तास गणिताला किंवा सभेला दिला जाऊ नये. आणि त्या तासाला येणारी मुलं निवडून आणलेली नसावीत, वर्गातली सगळी असावीत. पलुस्करांनी 1901 मध्ये खोली, वही, वेळापत्रक आणि तयार केलेला शिक्षक या चार गोष्टी एकत्र आणल्या, तेव्हा गाणं गवयांच्या घरांतून बाहेर पडून लोकांच्या मुलांपर्यंत आलं. त्याच चार गोष्टी आता सातपूरच्या, फुलेनगरच्या, पेठ रोडच्या शाळांमध्ये एकत्र आणायच्या आहेत. एवढं शहराने करावं. कोणत्या मुलाचा सा कुठे आहे, ते शोधायला आम्ही तयार आहोत.